दुसरी घंटा

आमच्या शाळेतल्या ब्रदरांची गोष्ट अमरावतीत अजूनही सांगतात, आणि हटकून चुकीची सांगतात. मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी ती मलाच ऐकवली. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या गोष्टीत ब्रदर जर्मन होते, सामना हॉकीचा होता, आणि शेवटी पोरांना उन्हात भोवळ येऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मी वरणभात कालवत मुकाट्यानं ऐकून घेतलं. जेवताना भांडायचं नाही, हे ब्रदरांनीच शिकवलं होतं. पण घरी आल्यावरही डोकं ठिकाणावर येईना, म्हणून आता लिहायलाच बसलो आहे.

तर ब्रदर जर्मन नव्हते. मंगळुराकडचे होते. बुटके, सावळे, अंगात पायघोळ पांढरा झगा, आणि त्या झग्याची खालची वीतभर पट्टी आमच्या काळ्या मातीनं कायमची काळी करून टाकलेली. शाळा कॅथलिक मिशनची. तिथं फादर आणि ब्रदर असे दोन प्रकार असत, आणि माझ्या बाबांना त्यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही. मी त्यांना सांगायचो, फादर चर्चमध्ये मिस्सा म्हणतात आणि ब्रदर उरलेलं सगळं करतात. आमचे ब्रदर खरोखरच उरलेलं सगळं करत. बोर्डिंगातल्या पोरांना उठवणं, नखं तपासणं, रांगा लावणं, भाजीच्या वाफ्यांना पाणी देणं, कबड्डी शिकवणं, आणि कॅथलिक पोरं धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की मागं उरलेल्या आम्हा बाकीच्या सगळ्यांना नीतिशिक्षण देणं. आमच्या वाट्याला देव येत नव्हता, नीतीवर भागवावं लागे.

तरुणपणी ते परतवाड्याच्या मिशनमध्ये होते. मराठी शिकले ते तिथल्या आचाऱ्याकडून आणि आठवडी बाजारातून, त्यामुळे बोलायचे ते पक्कं वऱ्हाडी. पुण्याहून आलेले आमचे मराठीचे सर ते ऐकून कपाळाला हात लावत. एकदा त्यांनी धीर करून सुचवलं, "ब्रदर, मले नव्हे, मला म्हणावं."

ब्रदर म्हणाले, "मले तं साऱ्याईनं मलेच शिकवलं, सर. तुमाले कोणं बिघडवलं?"



पण ब्रदरांची ओळख म्हणजे त्यांची घंटा. लाकडी मुठीची, पितळेची, हातात धरून वाजवायची. ती त्यांच्या काखेत असे, जेवताना ताटाशेजारी असे, आणि झोपताना उशाशी असे. शाळेत तास बदलल्याच्या घंटा शिपाई वाजवायचा, त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. मधली सुटी आणि संध्याकाळचा खेळ संपल्याची घंटा मात्र ब्रदरांची, आणि ती दोनदा वाजे. पहिली वाजली, की जो जिथं जसा असेल, त्यानं तिथं तसंच थांबायचं. धावणाऱ्यानं, भांडणाऱ्यानं, नळावर वाकलेल्यानं, सगळ्यांनी. हालायचं नाही, बोलायचं नाही. मग ब्रदर स्वतःही तसेच उभे राहून मनातल्या मनात एक 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणत. ती संपली की दुसरी घंटा, आणि आम्ही मुकाट्यानं रांगेत. अशी पद्धत मिशनच्या आणखीही शाळांत होती म्हणतात. पण तिकडं ती शिस्त होती, आमच्याकडे ते शास्त्र होतं.

मी पहिल्यांदा त्या शाळेत पाऊल टाकलं ते बाबांच्या मागं मागं. आम्ही अकोटकडचे, घरी कापसाची शेती. पोरगा इंग्रजी शिकून साहेब व्हावा, एवढ्याच एका नादानं बाबांनी माझी लोखंडी पेटी खांद्यावर घेतली होती. आम्ही पटांगणाच्या मधोमध आलो, आजूबाजूला पोरांचा नुसता कल्ला, आणि तेवढ्यात ठण्णकन घंटा वाजली. क्षणात सगळं चिडीचूप. जिकडं पाहावं तिकडं पोरं एका जागी खिळलेली. एकाचा हात दुसऱ्याच्या कॉलरीत, एकाचा पाय हवेत. मी घाबरून बाबांकडं पाहिलं, तर बाबाही पेटीसकट थिजून उभे.

दुसरी घंटा झाल्यावर ब्रदर लगबगीनं आमच्याकडं आले. बाबांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "तुमाले कोणं सांगतलं थांबाचं?"

बाबा म्हणाले, "सांगाचं काय त्यात? मले वाटलं, साप निंगाला."

वावरात साप दिसला की आमच्याकडं सगळे असेच जागच्या जागी थांबतात. ब्रदरांना हे उत्तर इतकं आवडलं, की आत ऑफिसात नेऊन त्यांनी तिथल्या फादरना सांगितलं, "याचं पोरगं घ्या. बाप शिकेल हाये." बाबांना सही करता येत नव्हती, तरी माझा प्रवेश झाला.

आता शास्त्र म्हटलं की शंका आल्या, आणि शंका काढण्यात आम्ही पोट्टे एकापेक्षा एक. पहिली घंटा वाजली तेव्हा तोंडात पाण्याचा घोट असला तर गिळायचा की नाही? ब्रदरांचा निकाल: गिळायचा, कारण ते आतलं काम आहे. शिंक आली तर? शिंक देवाची, येऊ द्यायची. खाज सुटली तर? खाज सैतानाची, सोसायची. माशी बसली तर? माशी परीक्षेला आली आहे असं समजायचं. हातातून सुटलेली गोटी पुढं घरंगळत गेली तर? यावर ब्रदर हसले आणि म्हणाले, "गोटीले कोणं बाप्तिस्मा देल्ला? जाऊ दे तिले."

त्यावर वानखडे उभा राहिला. हा आमच्या वर्गातला, अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, बोर्डिंगात माझ्या शेजारच्या खाटेवरचा. तो म्हणाला, "ब्रदर, बाप्तिस्मा तं आमचाबी नाही झाला. मंग आमी काहून थांबतो?"

वर्ग खुसुखुसु हसला. ब्रदर मात्र हसले नाहीत, विचारात पडले. दोन दिवस वाफ्यांना पाणी घालताना स्वतःशीच पुटपुटत होते. पुढच्या नीतीच्या तासाला आल्या आल्या त्यांनी वानखडेला उभं केलं आणि सांगितलं, "घंटी बाप्तिस्मा पाहत नाही, कान पाह्यते. कान तुले हाये का नाही?"

"हाये."

"मंग थांब."

हा वानखडे घंटेचा सगळ्यात मोठा भक्त होता, हे मला पुढं कळलं. त्यांचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. गावच्या शाळेत त्याला वर्षानुवर्षं बाहेर ओट्यावर बसवलेलं होतं, आत बाकीची पोरं आणि बाहेर हा. एकदा बोर्डिंगात अंथरूण घालता घालता तो मला म्हणाला, "तिथं मी एकटाच थांबो. इथं पाटलाचं पोरगंबी थांबते, फादरबी थांबते." एवढंच म्हणून त्यानं कूस बदलली. मला त्या वयात त्याचा अर्थ नीट लागला नाही. पण घंटा झाल्यावर वानखडे जसा थांबायचा तसं दुसरं कोणी थांबत नसे, हे दिसत होतं. डोळ्याची पापणीसुद्धा हलू द्यायचा नाही.

थांबायचं कशासाठी, याचंही ब्रदरांकडं उत्तर होतं. "माणूस दिवसभर धावते. आपण काय करून राहिलो हे त्याले दिसतच नाही. घंटी वाजली का थांबाचं, अन् आपल्या हातात काय हाये ते पाहाचं." आमच्या हातात बहुतेक वेळा दुसऱ्याची टोपी नाही तर दुसऱ्याच्या डब्यातला लाडू असे. तो तसाच हातात धरून, ज्याचा लाडू त्याच्या डोळ्याला डोळा देऊन एक अख्खी प्रार्थना होईपर्यंत उभं राहायचं, ही शिक्षा छडीपेक्षा वाईट होती. ब्रदर छडी वापरत नसत. गरजच पडायची नाही.

बाकी आमचा दिवस म्हणजे सगळा घंटांचाच कारभार. पहाटे उठायची घंटा, हौदावर गार पाण्यानं तोंड धुवायची घंटा. कॅथलिक पोरं मिस्साला गेली की आम्ही अभ्यासाच्या खोलीत डुलक्या घ्यायच्या. मग रांगेत नखं दाखवायची, मग सामुदायिक प्रार्थना, ज्यातले 'आमेन' आम्ही हिंदू-बौद्ध पोरं सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो. दुपारच्या जेवणाला बोलायचं नाही, एकानं उभं राहून संतांची चरित्रं वाचायची, आणि ज्वारीची भाकर नि तुरीचं वरण खात बाकीच्यांनी सिंहाच्या तोंडी दिलेल्या लोकांची हकीगत ऐकायची. शुक्रवारी मांस वर्ज्य होतं. उरलेले दिवस आचारीच ते वर्ज्य ठेवायचा.

आणि ब्रदर क्रूर होते असं जर कोणी सांगत असेल, तर त्याला माझ्याकडं पाठवा. आमच्यातली निम्मी पोरं अनवाणी असत. उन्हाळा लागला की ब्रदर सुटी संपायच्या आधी झारी घेऊन पटांगणभर पाणी शिंपत फिरायचे, कुठंही थांबावं लागलं तरी पाय भाजू नयेत म्हणून. त्याचा परिणाम असा, की झारी दिसली की घंटा आली हे आम्हाला कळायचं, आणि पोरं आधीच झकास पवित्रे घेऊन तयार राहायची. कोणी धनुष्य ओढणारा अर्जुन, कोणी बासरीवाला कृष्ण. मिशनच्या शाळेच्या पटांगणात रोज असा देवांचा दरबार भरायचा, आणि मधोमध झगेवाले ब्रदर डोळे मिटून 'नमो मरिये' म्हणत असायचे.

हे असंच चाललं असतं. पण आमचे जुने मुख्याध्यापक फादर निवृत्त झाले आणि मुंबईहून नवे फादर आले. गोरेपान, हसतमुख, इंग्रजी असं की ऐकत राहावं. त्यांना ही घंटा पहिल्या दिवसापासून खटकली होती, पण सभ्य माणूस, बोलले नाहीत. बोलायची वेळ आली ती शिक्षण खात्याचे एक साहेब पाहणीला आले तेव्हा. साहेबांची मोटार नेमकी पहिल्या घंटेला फाटकाशी आली. फाटकावरचा शिपाई अर्धा सलाम ठोकून तसाच थिजला. हार घेऊन पुढं निघालेले मराठीचे सर वाटेतच थांबले. साहेब मोटारीतून उतरले, इकडं तिकडं पाहिलं, कोणी हालेना, कोणी बोलेना. दुसरी घंटा होईपर्यंत साहेब परत मोटारीत जाऊन बसले होते. त्यांना वाटलं, शाळेत संप आहे.

त्या संध्याकाळी नव्या फादरांनी ब्रदरांना बोलावून घेतलं. आत काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी खुद्द ब्रदरांनीच कबड्डीच्या मैदानावर सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नसे.

"पोट्टेहो, फादर म्हणते, ही घंटी बंद करा. मी म्हटलं, नाही करत. तं फादर म्हणते, मंग तुमाले परतवाड्याले पाठवतो. मी म्हटलं, या घंटीनं पोट्टे तयार होतात. फादर म्हणते, कशावरून? मी म्हटलं, अकोल्याच्या कबड्डीच्या सामन्यात ढाल आणून दाखवतो." इथं ब्रदरांनी आमच्याकडं एकेक करून पाहिलं. "आता असं हाये. ढाल आली तं घंटी राहीन, अन् मीबी राहीन. नाही आली तं मी चाललो."

वानखडे आमचा कप्तान होता. तो म्हणाला, "ब्रदर, तुमी कोठीच नाही जात." आणि आम्ही तालीम सुरू केली. मी त्या संघात होतो. त्या महिन्यात आम्ही जेवढे पडलो, फुटलो, खरचटलो, तेवढे आयुष्यात पुन्हा नाही. ढाल म्हणजे एका लाकडी फळीवर ठोकलेला जस्ताचा पत्रा होता हे खरं. पण आमच्यासाठी त्या पत्र्यावर ब्रदर उभे होते.

अकोल्याला आम्ही आगगाडीनं गेलो. ब्रदरांनी घंटाही बरोबर घेतली होती. का, तर ती एकटी शाळेत कशी ठेवायची! डब्यात वाजू नये म्हणून तिच्या आतल्या लोलकाला त्यांनी आपला रुमाल करकचून बांधला होता. नवे फादरही आले होते, पहिल्या वर्गाच्या डब्यात. अंतिम सामन्यापर्यंत आम्ही पोचलो, आणि समोर उभी ठाकली ती अकोल्याचीच एक शाळा. मैदान त्यांचं, गर्दी त्यांची, आणि आमच्या बाजूनं ओरडायला बोर्डिंगातली मूठभर पोरं.

पहिल्या डावात वानखडेचा गुडघा फुटला. भळाभळा रक्त. मध्यंतरात ब्रदर धावत आले, इकडं तिकडं काही सापडेना, तेव्हा त्यांनी घंटेचा रुमाल सोडला आणि त्याच्या गुडघ्याला बांधला. मी शेजारीच उभा होतो. घंटा मोकळी झाली हे मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं असेल, पण त्या वेळी कोणाला काय त्याचं!

शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. वेळ संपत आलेली. वानखडे दम घेऊन शिरला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. लंगडत होता, म्हणून त्यांची पोरं जरा गाफील राहिली, आणि याला तेच हवं होतं. डावीकडच्या एकाला हात लावला, मागं वळता वळता दुसऱ्याला लाथेचा निसटता स्पर्श केला, आणि परत फिरला. दोन गुण! मधली रेघ एका पावलावर. त्यानं पाऊल उचललं. आमच्या पोरांनी किंकाळी फोडली. आणि आयुष्यभर पहिल्या घंटेला पुतळ्यासारखा उभा राहिलेला आमचा ब्रदर आनंदानं चक्क टुणकन उडाला.

ठण्ण!

मी थांबलो. आमचा सगळा संघ थांबला. बाजूची आमची बोर्डिंगातली पोरं उघड्या तोंडांनी, उंचावलेल्या हातांनी थांबली. आणि वानखडे थांबला. एक पाय रेघेच्या अलीकडं टेकलेला, दुसरा रेघेच्या वर हवेत, ओठ उघडे, दम बंद. ब्रदरांच्याच शास्त्राप्रमाणं घंटेला जीभही थांबते.

आता नीट ऐका, कारण लोक चुकतात ते इथं. अकोल्याची पोरंसुद्धा थांबली होती. त्यांना वाटलं, वेळ संपल्याची घंटा झाली. पंचालाही तेच वाटलं, तो टेबलाशी बसलेल्या घड्याळवाल्याकडं पाहत होता. वानखडेचा दम तुटलेला त्याच्या गावीही नव्हता. म्हणजे त्या क्षणी ब्रदरांनी लगेच दुसरी घंटा वाजवली असती, तर वानखडेनं पाय खाली ठेवला असता, आणि ढाल आमची होती. 'नमो मरिये' काही फार मोठी प्रार्थना नाही. भरभर म्हटली तर चार श्वासांत संपते.

दुसरी घंटा वाजली नाही.

घड्याळवाल्यानं मान हलवली, वेळ बाकी आहे. तसा अकोल्याचा एक पोरगा भानावर आला. तो दबकत दबकत वानखडेजवळ गेला, जरा घुटमळला, आणि अवघडल्यासारखी त्यानं त्याच्या कमरेला मिठी घातली. वानखडेनं अंगही चोरलं नाही. शिट्टी झाली. पोरगा सोडून मागं सरला. पंच म्हणाला, "चल, बाद झालास तू." वानखडे हालला नाही. "अरे, बाद आहेस." तरी नाही. मग लोक हसायला लागले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की तो एकटाच नाही, आम्ही सगळेच हालत नाही. तसं एकेकाचं हसू विरलं, आणि शेवटी त्या एवढ्या मैदानावर कोणी बोलेना. नवे फादर खुर्चीतून उठले होते, तेही तसेच. ब्रदर घंटा छातीशी धरून आमच्याकडं पाहत होते. त्यांचे डोळे उघडे होते, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

किती वेळानं कोण जाणे, दुसरी घंटा झाली. वानखडेनं हवेतला पाय रेघेच्या पलीकडं, आमच्या अंगणात ठेवला. मग खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडला.

 पुढं शाळेत दोन तट पडले. एक तट म्हणायचा, बघा काय तत्त्वाचा माणूस, ढाल गेली, नोकरीची जागा गेली, पण प्रार्थनेतला एक शब्द गाळला नाही. मराठीच्या सरांनी तर यावर निबंधच लिहायला दिला. मी दुसऱ्या तटातला. मला भयंकर राग आला होता. देवाला एक दिवस घाईत हाक मारली असती तर देव काय कानावर हात ठेवून बसणार होता? आमचं एवढं रक्त आटलं, त्याची काहीच किंमत नाही? पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. गावी गेलो तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "थांबला ते बरं केलं. साप असता तं?"

ब्रदर उन्हाळ्याच्या सुटीत गेले, आम्ही आपापल्या गावी असताना. निरोप नको म्हणून तीच वेळ निवडली असणार. जूनमध्ये आलो तर भिंतीवर विजेची घंटा बसवलेली. तिचं बटण नव्या फादरांच्या टेबलावर. वीज गेली की शाळेत कोणताच तास संपत नसे, आणि ती नेमकी मराठीच्या तासाला जायची. पटांगणात पाणी शिंपणंही बंद झालं. सुटी संपली की पोरं आता सरळ धावत वर्गात जात, आणि जिन्यावर रोज कोणीतरी पडत असे.

मी साहेब काही झालो नाही. शिकलो, आणि अकोटलाच कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागलो. वानखडे मात्र झाला. सरकारी नोकरीत लागला, आणि एकोणीसशे साठचं दशक संपत आलं असताना त्याची बदली परतवाड्याला झाली. त्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, "चाल, ब्रदरले भेटून येऊ. अन् तुह्या मनात जे हाये, ते एकदाचं विचारून टाक." मी इतकी वर्षं दात धरून आहे हे त्याला ठाऊक होतं.

मिशनच्या मागच्या बाजूला संत्र्याची झाडं होती. ब्रदर त्यांना झारीनं पाणी घालत होते. वाकले होते, केस पार पांढरे, झगा मात्र तसाच, खालची पट्टी काळी. आम्हाला पाहून झारी ठेवली आणि आधी आमची नखं पाहिली. मग चहा आला. ओट्यावर कोपऱ्यात घंटा होती, लोलकाला रुमाल बांधलेला.

"वाजवत नाही काय, ब्रदर?" वानखडेनं विचारलं.

"कोणासाठी वाजवू? इथं दवाखान्यात लोकं येतात. ते बिचारे बिमारीनं थांबेल असतात."

मग मी विचारलंच. "ब्रदर, अकोल्याले तुमी दुसरी घंटी लवकर काहून नाही वाजवली? प्रार्थना एवढी मोठी होती काय?"

ब्रदरांनी कप खाली ठेवला. 

"प्रार्थना म्हटलीच नाही मी," ते म्हणाले. "साऱ्या जिंदगीत तेवढी एकच डाव म्हटली नाही. याचा दम तुटला, म्हणजे सामना गेला. कबड्डीचा मास्तर होतो मी, मले काय समजत नाही? सामना गेला म्हणजे मी गेलो. मले माहीत होतं, आता दुसरी वाजवली का तुमी हालान, अन् सारं खतम होईन. मंग मले परतवाड्याले जा लागते. नाही वाजवली, तवापर्यंत तुमी माहे." त्यांनी झग्याच्या बाहीनं नाक पुसलं. "शाळेत तं तुमी धाकानं थांबत असान. पण तिथं, बाहेरच्या गावात, ढाल एका पावलावर, अन् कोणी हाल्लं नाही. म्हटलं, पाहून घेतो जराशीक."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की ब्रदर, पंचाला काहीच दिसलं नव्हतं. तुम्ही तेव्हाच वाजवली असती, तर कुठंही जावं लागलं नसतं. तेवढ्यात खालच्या खाली वानखडेनं माझ्या पायावर आपला बूट ठेवून दाबला. मी कप उचलला. चहा संपवला. इतक्या वर्षांचा राग कुठं गेला ते माझं मलाच कळेना, आणि पुरुषासारखा पुरुष असून मला तिथं रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच घड्याळ पाहून म्हणालो, "निघा लागते ब्रदर, यष्टीची वेळ झाली."

"जा, जा," ते म्हणाले. "यष्टी कोणासाठी थांबत नाही."

आम्ही फाटकाबाहेर पडलो. वानखडे मला गाडीत बसवून देणार होता. समोर रस्त्याच्या पलीकडं अकोटची एसटी उभी होती, इंजिन सुरू, कंडक्टर दारात. मी रस्त्यात पाऊल टाकलं, वानखडे माझ्या मागं. एवढ्यात पाठीमागून आवाज आला.

ठण्ण!

मी थांबलो. वळून पाहायचं नसतं, म्हणून वानखडे मला दिसत नव्हता, पण त्याच्या बुटांचा आवाज बंद झाला होता. एका सायकलवाल्यानं शिवी हासडली आणि वळसा घालून गेला. कंडक्टर ओरडला, "ओ साहेब, येऊन राहिले का नाही?" माझा एक पाय रस्त्यावर होता, एक फाटकाच्या पायरीवर. कंडक्टरनं आणखी एकदा हाक मारली, कपाळाला हात लावला आणि दोरी ओढून डबल बेल दिली. एसटी माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

नाकावर माशी बसली होती. मी दुसऱ्या घंटेची वाट पाहत उभा होतो, आणि ब्रदरांना काही घाई नव्हती.